चिकापासून पिशवीपर्यंत

उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना स्टार्चच्या प्लास्टिकची पहिली पायरी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पातेल्यातले दुधासारखे पांढरे पाणी तापू लागते, ढवळणाऱ्या हाताला जड लागू लागते आणि चीक शिजला की त्यावर काचेसारखी चकाकी येते. पाण्यात तापलेले स्टार्चचे कण फुगतात आणि त्यांच्यातली स्फटिकी रचना मोडते. मक्याच्या स्टार्चमध्ये हे साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान घडते.

वाळलेली कुरडई मात्र बोटांत कडकन मोडते, आणि नुसता कोरडा स्टार्च तापवला तर तो वितळण्याआधीच करपू लागतो. म्हणून कारखान्यात त्यात थोडे पाणी आणि ग्लिसरॉल घालतात. ग्लिसरॉलचे रेणू स्टार्चच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतात. हे मिश्रण एक्स्ट्रूडरच्या दोन स्क्रूंमध्ये साधारण १२० ते १६० अंशांवर, दाबाखाली मळले जाते. एक्स्ट्रूडर म्हणजे एका अर्थी तापणारा सोऱ्याच: पुढच्या छिद्रांतून शेवेसारख्या दोऱ्या बाहेर पडतात, थंड होतात आणि त्यांचे दाणे कापले जातात. यालाच थर्मोप्लास्टिक स्टार्च म्हणतात.

या प्लास्टिकचा मूळ स्वभाव पाण्याचा आहे आणि तो सुटत नाही. दमट हवेत ते ओलावा ओढून लिबलिबीत होते, कोरड्या हवेत ठिसूळ. शिवाय ते ठेवल्या ठेवल्या कडक होत जाते, कारण सैल झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून रचना बांधू लागतात. स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात: अमायलोजच्या सरळ साखळ्या हे काही तासांत करतात, तर अमायलोपेक्टिनच्या फांद्या सावकाश, दिवसांमागून दिवस. सकाळचा मऊ भात रात्री फ्रिजमधून काढल्यावर दाणेदार लागतो, तो याच कारणाने.

त्यामुळे पिशवीसाठी स्टार्च एकटा चालत नाही. त्याच्या जोडीला पीबीएटी हे लवचीक पॉलिएस्टर किंवा पीएलए हे ताठ पण ठिसूळ पॉलिएस्टर घेतात. इटलीच्या नोव्हामॉन्ट कंपनीचे ‘मेटर-बी’ हे अशा मिश्रणांतले सर्वांत परिचित नाव. अडचण अशी, की स्टार्चला पाणी प्रिय आणि पॉलिएस्टरला ते नकोसे. दोघांची सांधेजोड मॅलेइक अनहायड्राइडसारख्या रासायनिक दुव्याने करावी लागते, नाहीतर ताण येताच पिशवी सांध्यावरच फाटते. पीबीएटी आजही बहुतांशी खनिज तेलापासून बनते, हे ‘वनस्पतिजन्य’ असे छापताना सोयीस्करपणे गाळले जाते.

‘कंपोस्टेबल’ या शिक्क्यामागची चाचणी सुमारे ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये होते, आणि त्यात १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. गच्चीवरच्या खताच्या कुंडीत एवढी ऊब टिकत नाही. तिथे जंतू आधी स्टार्च खाऊन टाकतात, आणि महिन्यांनंतर माती उकरली तर पॉलिएस्टरची विरलेली चिंधी हाताला लागते.