साडेसहा मिनिटं, फक्त पात्यांचा आवाज

पॅरिसचं नाट्यगृह खच्चून भरलंय. रंगमंचावरचा मुखवटेधारी विदूषक लोकांना हसवतोय. हसवता हसवता त्याची नजर वरच्या बॉक्सकडे जाते आणि तिथेच खिळते. तिथे बसलाय मार्क्विस द मेन, एक उमराव. या विदूषकाचा, म्हणजे आंद्रे मोरोचा, जिवलग मित्र फिलिप याच माणसाच्या तलवारीने मेला. आंद्रे मुखवटा उतरवतो.

चित्रपट 'स्कारामूश', १९५२. दिग्दर्शक जॉर्ज सिडनी. आंद्रेच्या भूमिकेत स्टुअर्ट ग्रेंजर, मार्क्विस झालाय मेल फेरर. काळ फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावरचा.

नाट्यगृहातल्या या दोघांच्या शेवटच्या तलवारबाजीचं नाव सगळे काढतात. पण तिची खरी तयारी आधीच्या दोन पराभवांत आहे. फिलिप पडतो तेव्हा आंद्रेला धड तलवार धरताही येत नाही. मार्क्विस त्याला अक्षरशः खेळवतो. आंद्रे पळतो, फिरत्या नाटकमंडळीत लपतो, मुखवट्याआड विदूषक होतो. आणि तलवार शिकायला जातो कुणाकडे? थेट मार्क्विसच्याच गुरूकडे!

हा गुरू त्याला सांगतो, की तलवार पाखरासारखी धरायची. मूठ फार आवळलीस तर पाखरू गुदमरेल, सैल सोडलीस तर उडून जाईल. पुढे ग्रेंजरच्या मनगटाकडे बघत राहा. तलवारीला नुसता लटकलेला हात हळूहळू कसा मोकळा होत जातो, ते दिसेल. तरीही दुसऱ्या लढतीत तो हरतोच. मग गाठतो गुरूचाही गुरू.

आणि आता हे नाट्यगृह. बॉक्सच्या अरुंद कठड्यावरून, जिन्यावरून, प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून, पडद्यामागच्या दोरखंडांतून परत रंगमंचावर. सुमारे साडेसहा मिनिटं. हे डाव बसवले बेल्जियन तलवारबाज जाँ हेरेमान्स यांनी. फेरर मुळात ब्रॉडवेवरचा नर्तक, त्याच्या पवित्र्यात ते लगेच कळतं.

आता आवाज थोडा वाढवा. व्हिक्टर यंगचं संगीत इथे थांबलंय. पातं पात्यावर घासतंय, बुटांखाली फळ्या वाजतायत, श्वास चढलाय. ढोल-ताशे वाजवून थरार वाढवायचा मोह सिडनीने आवरला, आणि माझ्या मते चित्रपटातला सर्वांत धाडसी निर्णय हाच.

मार्क्विस हरलाय. आंद्रेच्या तलवारीचं टोक त्याच्या छातीशी आहे. ज्या क्षणासाठी इतका घाम गाळला, तो हाच.

आंद्रेचा हात पुढे जात नाही.