वीस मिनिटे आणि काचेची नळी

मित्रहो, फुरसे चावलेला माणूस सहसा लगेच मरत नाही, आणि पुष्कळदा याच कारणामुळे तो दगावतो. नाग डसला तर घरच्यांची धांदल उडते. फुरशाच्या दंशानंतर मात्र पाय सुजतो, रुग्ण बोलत असतो, आणि रात्र गावठी उपचारात निघून जाते. विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती हिरावली आहे, हे सकाळी हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यावर कळते.

ते आदल्या रात्रीच कळू शकते. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, नळी वीस मिनिटे हलवायची नाही, आणि मग एकदाच कलती करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर प्रतिविष सुरू करायचे. याला वीज लागत नाही, यंत्रही लागत नाही. नायजेरियात फुरशाचीच भावंडे आढळतात आणि तिथल्या दवाखान्यांतही हीच नळी वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. पण ती यादी उपकेंद्राच्या कपाटापर्यंत पोहोचते का, हा माझा प्रश्न आहे. माझ्या नोकरीतल्या पहिल्या पावसाळ्यात आमच्या भांडारात प्लास्टिकच्या नळ्यांचे गठ्ठे होते आणि काचेची एकही नळी नव्हती. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीवर या चाचणीत भरवसा ठेवता येत नाही. आमचे मागणीपत्र ‘वस्तू सूचीत नाही’ असा शेरा मारून परत आले, तेव्हा मी बाजारातून स्वतःच्या पैशाने डझनभर नळ्या आणल्या.

आता आमच्या कोकण किनारपट्टीवरचेच दुसरे उदाहरण पाहा. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे फुप्फुसात पाणी भरून दगावत होती. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी निरीक्षणे नोंदवली आणि पुढे रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी वापरून हे मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले. मोठ्या रुग्णालयात हे सुचले नसते असे मी म्हणत नाही, पण तिथे रुग्ण उशिरा पोहोचतो आणि आजाराची पहिली घटका कुणाला दिसतच नाही. ती पाहायला रात्री केंद्रावर मुक्कामी असलेला वैद्यकीय अधिकारी लागतो. आपल्याकडे इमारती झाल्या, निवासस्थानेही झाली, आणि त्यांना कुलपेही लागली.

देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या 1946 च्या भोर समितीपासून अल्मा-आता इथल्या 1978 च्या जागतिक आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यापर्यंत लोकांच्या दाराशी आरोग्यसेवा नेण्याचे बोलणे झाले. आपले निकष मात्र डोकी मोजतात: सपाट प्रदेशात 5000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ भागात 3000 लोकांमागे. कोकणात तरणी माणसे मुंबईला जातात, मागे म्हातारी माणसे राहतात आणि डोकी कमी भरतात, म्हणून पदे कमी. खाडी आणि घाटी मात्र होती तेवढीच राहते. साकव वाहून गेला की दोन कोसांची वाडी अर्ध्या दिवसावर जाते. अंतर किलोमीटरऐवजी पावसाळ्यातल्या तासांत मोजा, असे मी बैठकांतून अनेकदा सांगितले आहे. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा त्याच वाडीत माणसे मावत नाहीत, आणि आमचे औषधांचे मागणीपत्रक तेव्हाही जनगणनेतल्या आकड्यावरच भरले जाते.