बरणीतली ज्वारी आणि दीड तासाची वाफ

[दृश्य: पहाट. स्वयंपाकघराचा ओटा. पातेल्यात भिजलेली ज्वारी, पाण्यावर थोडा फेस.]

काल रात्री आठला ही ज्वारी भिजत घातली. एक किलो. आता दाणे टपोरे झालेत. मटकी असती तर एव्हाना फडक्यात बांधून ठेवली असती. पण या ज्वारीला मोड येऊ द्यायचे नाहीत. रात्रभर भिजवायचं कारण वेगळं आहे. दाण्याच्या सालीवर जिवाणूंचे बीजाणू झोपलेले असतात. शेतातून, खळ्यावरून, पोत्यातून आलेले. कोरडे असताना ते उष्णतेला फार चिवट असतात. ओल मिळाली की त्यातले बरेच जागे होतात, आणि जागा झालेला जिवाणू मारायला सोपा.

आपल्याला या ज्वारीवर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळिंबी, वाढवायची आहे. कोकणात पावसाच्या सुरुवातीला वारुळांवर उगवते ती अळंबी घरात लावता येत नाही; तिचा जीव वाळवीत गुंतलेला असतो. धिंगरी तशी नाही. तिला भाताचा पेंढा चालतो, गव्हाचा भुसा चालतो, सोयाबीनचा काडही चालतो. फक्त तिचं बियाणं, म्हणजे तिचे पांढरे तंतू पसरलेलं धान्य, आधी तयार करावं लागतं. धान्यावर अळिंबीचं बियाणं करायची ही रीत जेम्स सिंडेन यांनी अमेरिकेत शोधली आणि 1932 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे सोलनच्या अळिंबी संशोधन केंद्रापासून खेड्यातल्या छोट्या युनिटपर्यंत हीच रीत चालते.

[दृश्य: उकळतं पातेलं. चमच्यावर दाणे. एक दाणा दोन बोटांत दाबला जातो.]

ज्वारी पंचवीस मिनिटं उकळली. दाणा बोटात धरून बघा. दबायला हवा, पण साल फुटता कामा नये. साल फुटली की आतलं पीठ बाहेर येतं, दाणे एकमेकांना चिकटतात आणि बरणीत गोळा होतो. त्या गोळ्याच्या पोटात वाफ नीट पोचत नाही.

मग चाळणीत निथळून सुती पंचावर पसरायची. इथे घाई करू नका. दाणा आतून ओला आणि वरून कोरडा हवा. मूठभर उचलून पंचावर टाकली तर खाली ओलीचा डाग उमटू नये. आता किलोमागे 20 ग्रॅम जिप्सम आणि 5 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट चोळायचं. जिप्समने दाणे सुटे राहतात, कार्बोनेटने आंबटपणा आटोक्यात राहतो.

[दृश्य: काचेच्या चार बरण्या. झाकणाला भोक, भोकात कापसाचा घट्ट बोळा.]

बरणी दोन तृतीयांशच भरायची. वरची जागा पुढे हलवायला लागते. झाकणाच्या भोकातला हा कापूस औषधाच्या दुकानातला पांढरा, पाणी शोषणारा कापूस नाही. तो भिजतो, आणि ओल्या कापसातून बुरशी आत उतरते. हा गादीचा, पिंजलेला कापूस. त्यावर अॅल्युमिनियमच्या कागदाची टोपी, म्हणजे कुकरच्या झाकणावरून ठिबकणारं पाणी बोळ्यावर पडणार नाही.

पेंढ्यासाठी एवढा खटाटोप करत नाहीत. पेंढा 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवला तरी भागतं. पेंढ्यात अन्न कमी, आणि जे असतं ते पचवायला धिंगरी वाकबगार. शिवाय तिचं भरपूर बियाणं आपण त्यात मिसळलेलं असतं. ज्वारीचं तसं नाही. ज्वारी म्हणजे सगळ्यांसाठी वाढलेलं ताट. त्यावर जो आधी बसेल त्याचं ते. धिंगरीचे तंतू सावकाश चालतात, जिवाणू काही तासांत पंगत उरकतात. म्हणून या बरणीत दुसरं कुणीच जिवंत राहून चालत नाही.

उकळलंय ना, मग मेलंच असेल सगळं, असं मलाही वाटायचं. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात आठवा. सकाळी आंबूस वास, तार सुटलेली. तो भातही उकळत्या पाण्यातच शिजला होता. 100 अंशांना जिवाणू मरतात, त्यांचे बीजाणू मात्र तासन्‌तास तग धरतात. त्यांना मारायला 121 अंशांच्या आसपासची वाफ लागते, आणि उघड्या पातेल्यात पाणी तिथवर कधीच जात नाही. बंद भांड्यात वाफेचा दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. डेनिस पापिन यांनी 1679 मध्ये असं भांडं केलं होतं, वर सुरक्षा झडपसुद्धा होती. पुढे पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलां यांनी 1879 मध्ये प्रयोगशाळेसाठी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं भांडं, बनवला. आपल्या ओट्यावरचा कुकर याच कुळातला. चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबावर त्यातली वाफ 120 अंशांपर्यंत जाते.

[दृश्य: कुकरमध्ये जाळी, दोन-अडीच इंच पाणी, जाळीवर बरण्या.]

बरणी थेट तळावर ठेवायची नाही, तडकते. गार बरणी उकळत्या पाण्यातही ठेवायची नाही. पाणी आणि बरण्या एकत्रच तापू द्यायच्या.

झाकण लावलं. शिटी लावलेली नाही, हे बघा. वाफेची नळी मोकळी आहे. आत हवा भरलेली आहे, ती आधी घालवायची. हवा आत राहिली तर दाब पुरता दिसतो, पण ताप तेवढा चढत नाही, कारण त्या दाबात हवेचाही वाटा असतो. नळीतून वाफेची सरळ, न तुटणारी धार सुरू झाली की दहा मिनिटं तशीच जाऊ द्यायची. मग शिटी.

[दृश्य: शिटी उडते. हात गॅसची आच अगदी बारीक करतो.]

माझ्या पहिल्या चार बरण्या इथेच गेल्या. डाळ-भाताच्या सवयीने मी शिट्ट्या मोजल्या. पाच झाल्या, गॅस बंद केला. चौथ्या दिवशी बरण्यांच्या तळाशी दाणे बुळबुळीत झाले होते, काचेला चिकट पाणी सुटलं होतं आणि बोळ्यातूनही आंबलेला वास येत होता. मला फार वाईट वाटलं, कारण बियाणं विकत आणलेलं होतं आणि ज्वारी सासूबाईंनी निवडून दिली होती.

शिटी म्हणजे जादा वाफेला मिळालेली वाट. मोठ्या आचेवर ती भराभर होते, बारीक आचेवर होतच नाही. ताप किती वेळ टिकला हे ती सांगत नाही. उलट प्रत्येक शिटीला दाब खाली येतो आणि पाणीही वाया जातं. म्हणून पहिली शिटी झाली की आच इतकी बारीक करायची की शिटी उडणार नाही, नुसती फुसफुसत राहील. इथून घड्याळ लावायचं. अर्ध्या लिटरच्या बरणीला दीड तास. बरणीच्या मधोमध असलेल्या दाण्यापर्यंत ताप पोचायलाच बराच वेळ जातो, आणि आपला हिशेब त्याच दाण्याशी आहे.

या दीड तासात स्वयंपाकघर सोडून जाऊ नका. फुसफुस थांबली तर पाणी संपलं असेल किंवा नळी तुंबली असेल. लगेच गॅस बंद करायचा. रबर जुनं झालं असेल तर आधीच बदला. सुरक्षा झडपेच्या जागी कुठलीही जुळवाजुळव करू नका.

[दृश्य: बंद गॅसवर कुकर. खिडकीत दुपार सरते.]

गॅस बंद केल्यावर शिटी उचलायची नाही. दाब एकदम उतरला तर बरणीतलं पाणी उसळून बोळा भिजतो. आणि गार होताना बरणी बाहेरची हवा आत ओढते. ती हवा कुकरच्या आतली, वाफेने धुतलेली असलेली बरी. मी कुकर रात्रभर तसाच ठेवते.

[दृश्य: सकाळ. पंखा बंद. स्पिरिटचा दिवा. बरणीत बियाण्याचे पांढरे दाणे पडतात.]

आज विकत आणलेलं थोडं बियाणं या ज्वारीला विरजणासारखं लावायचं. पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणंही बंद. हात 70 टक्के अल्कोहोलने पुसले. ते पूर्ण वाळल्याशिवाय दिव्याजवळ हात नेऊ नका, भडका उडतो.

पुढच्या दिवसांत बरणीत हिरवट ठिपका दिसला, तर तो ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीचा. नारिंगी पावडर दिसली, तर ती ब्रेडवरची बुरशी. ती बोळ्यातूनही बाहेर पडते आणि घरभर होते. अशी बरणी उघडून बघायची नाही. तशीच्या तशी पुन्हा कुकरला लावायची, मगच धुवायची.

[दृश्य: सातवा दिवस. कपाटातून बरणी बाहेर येते. दाण्यांभोवती पांढरे, कापसासारखे तंतू.]

आज सातवा दिवस. तळाशी अजून लाल ज्वारी दिसतेय, वरचे दाणे मात्र पांढऱ्या तंतूंनी बांधले गेलेत. बरणी तळहातावर हलकेच आपटायची. गठ्ठा सुटला, पांढरे दाणे लाल दाण्यांत मिसळले. बोळ्याजवळ नाक नेलं. पहिल्या पावसानंतर कुजक्या लाकडापाशी येतो, तसा ताजा वास.