शस्त्रक्रियेआधीचे मोजमाप

ग्रामीण रुग्णालयातल्या या खोलीत एका भिंतीवर दृष्टी तपासण्याचा तक्ता आहे आणि त्याच्यापासून बरोबर सहा मीटरवर एक लाकडी खुर्ची आहे. खुर्ची जागची हलू नये म्हणून फरशीवर तिच्या चारही पायांभोवती रंगाने खुणा केलेल्या आहेत. डोळे तपासायला आलेल्या आजींना अक्षरओळख नाही, त्यामुळे तक्त्यावर तीन दात्यांची आकृती आहे. दाते ज्या दिशेला असतील, त्या दिशेला बोटे वळवून दाखवायची.

“आजी, डोळा दाबू नका, नुसता झाका.” हे वाक्य इथे दिवसभर ऐकू येते, कारण तळव्याने दाबलेला डोळा उघडल्यावर काही वेळ धूसरच पाहतो आणि नोंद चुकते.

डाव्या डोळ्याने आजींना फक्त सर्वांत वरची, सर्वांत मोठी आकृती ओळखता येते. चांगल्या डोळ्याला ती साठ मीटरवरून ओळखता येते. आजींना ती सहा मीटरवरून दिसते, म्हणून नोंद होते सहा-साठ. उजव्या डोळ्याने तीही दिसत नाही. त्या उठून पुढे येतात आणि दोन मीटरवर समोरची बोटे कशीबशी मोजतात.

तपासणारे नेत्र सहाय्यक आहेत; महाराष्ट्रात या पदाला नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणतात. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गावपातळीवर त्याचा भार ज्यांच्यावर आहे त्यांत हे सहाय्यक आहेत. ते शस्त्रक्रिया करत नाहीत, पण शस्त्रक्रिया कोणाची व्हावी आणि तिच्या आधी काय काय मोजले जावे, हे त्यांच्या हातांवर अवलंबून असते.

काळ्या चकतीच्या बारीक छिद्रातून पाहिल्यावर दृष्टी सुधारली, तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबराचा असतो. आजींची सुधारत नाही. आता बॅटरीचा प्रकाश तिरका टाकला जातो. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यात एकही रक्तवाहिनी नाही. प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हेच पटल करते. त्यामागे बुबुळ, मधोमध बाहुली आणि बाहुलीच्या मागे भिंग. आजींच्या बाहुलीत काळ्याऐवजी राखाडी-पांढरे दिसते आहे. भिंग गढुळले आहे, हाच मोतीबिंदू.

“अजून पिकला नाही, मग थांबू” असे घरचे म्हणत होते. आज थांबण्याची गरज नाही, आणि फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब वाढू शकतो.

डोळ्यातला दाब मोजला जातो. २१ मिलिमीटर पाऱ्याच्या आत, म्हणजे ठीक आहे. वाढलेल्या दाबाने काचबिंदू होऊ शकतो आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून हे मोजणे चुकवायचे नसते.

पुढे एक तपासणी आहे, जी पाहताना साधी वाटते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या सूक्ष्म छिद्रातून बोथट सुईने मिठाचे निर्जंतुक पाणी सोडतात. “घशात खारट लागलं का?” आजी मान हलवतात. अश्रूंचा मार्ग मोकळा आहे, लासरू, म्हणजे अश्रूंच्या पिशवीतला जंतुसंसर्ग, नाही. तो असता, तर तिथले जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात उतरण्याची भीती होती आणि शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी लागली असती.

आता डोळ्याची लांबी. गढूळ भिंगाच्या जागी बसवायचे कृत्रिम भिंग तिच्यावरून ठरते. सर्वसाधारण डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. बधिर करणारा थेंब टाकून पेन्सिलीएवढी सळई पारपटलाला हलकेच टेकवतात. ध्वनिलहरी मागच्या पडद्यापर्यंत जाऊन परततात आणि यंत्रावर उंच टोके उमटतात. २२.९. २२.८. मग २२.४, हा आकडा सहाय्यक पुसतात. हात किंचित जड पडला, पारपटल दबले आणि डोळा यंत्राला आखूड भासला. अर्ध्या मिलिमीटरच्या अशा चुकीने बसवायच्या भिंगात सुमारे सव्वा नंबराचा फरक पडतो, आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही आजींना दूरचे धूसर दिसले असते. म्हणून सळई पुन्हा टेकवली जाते, पुन्हा, आणि आकडे जुळेपर्यंत पुन्हा. शस्त्रक्रियेचे कौतुक सर्वांना असते; या पुसलेल्या आकड्याचेही व्हावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

दाराशी एक ऊसतोड कामगार डोळा धरून उभा आहे. उसाच्या पात्याने पारपटल खरचटले, आणि गावातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब त्याने चार दिवस घातले. अशा जखमेत बुरशी वाढते आणि या थेंबांनी ती बळावते. सहाय्यक थेंब बंद करतात आणि लगेच जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहितात. डोळ्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, राहण्याचा धोका आहे.

संध्याकाळी गाडी भरते. जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या दिवशी आजींच्या उजव्या डोळ्यात, ग्रामीण रुग्णालयात मोजलेल्या आकड्यांवरून ठरवलेले भिंग बसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघते. समोर तोच तीन दात्यांचा तक्ता, तेच सहा मीटर. आजी बोटे खाली वळवतात, मग उजवीकडे, मग वर. चौथ्या ओळीनंतर अडतात.

नोंद होते: उजवा डोळा, सहा-अठरा.