फुगलेला कंडेन्सर

(दृश्य: सकाळचा धुरकट उजेड. अर्धं वर गेलेलं शटर. आत टेबलावर एका बाजूनं उघडा कॉम्प्युटर.)

सकाळचे सव्वाआठ. भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप. मालक येतात, देवाला उदबत्ती लावतात आणि मग हेअर ड्रायर हातात घेतात. मदरबोर्डवर पाच-सात मिनिटं गरम हवा सोडायची, मग बटण दाबायचं. पंखा फिरतो, थांबतो. पुन्हा हवा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बीप येतो आणि धातूवर अक्षरं कोरणारं मशीन कामाला लागतं. मग दिवसभर तक्रार नाही.

“मशीन ठणठणीत आहे हो,” ते मला म्हणाले, “हा कॉम्प्युटरच थंडीत उठत नाही. नवा घेतो म्हटलं, तर आमचं कार्ड बसवायचं कुठे?”

मशीन चालवणारं ते कार्ड आयएसए जातीचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाचेत (स्लॉटमध्ये) बसणारं. बोर्ड २००१ सालचा, पेंटियम थ्रीचा. त्या सुमाराच्या बोर्डांवर आयएसएचा एखादाच स्लॉट उरला होता, पुढे तोही गेला. म्हणजे हा बोर्ड गेला की चांगलं चालणारं मशीन बसून राहणार.

(दृश्य: प्रोसेसरच्या शेजारची रांग, अगदी जवळून.)

हे बघा. प्रोसेसरला लागून नऊ कंडेन्सर उभे आहेत. पुस्तकात कपॅसिटर, दुकानात कंडेन्सर. प्रत्येकाच्या डोक्यावर फुलीसारखी चीर आहे. ही चीर मुद्दाम ठेवलेली असते, आत दाब वाढला तर डबी फटाक्यासारखी फुटू नये, हळूच उकलावी म्हणून. डोकं सपाट असायला हवं. यातल्या पाचांची डोकी पुरीसारखी टम्म फुगली आहेत आणि एकाच्या चिरेतून तपकिरी खपली बाहेर आली आहे.

यांचं काम काय? प्रोसेसर चालतो १.७ व्होल्टच्या आसपास, पण वीज खातो पंचवीस-तीस वॅट. हिशेब केला तर १५ अँपिअरच्या घरात प्रवाह जातो. घरातल्या मोठ्या गिझरला जेवढ्या अँपिअरचा जाड सॉकेट लागतो, तेवढा प्रवाह या नखाएवढ्या सिलिकॉनमधून वाहतो. तो ५ व्होल्टमधून उतरवताना स्विच सेकंदाला लाखाहून जास्त वेळा उघड-बंद होतो. त्या धक्क्यांनी वीज हेलकावते, आणि ती सपाट करून प्रोसेसरला देण्याचं काम या रांगेचं.

त्यासाठी कंडेन्सरचा आतला रोध अगदी कमी लागतो. तंत्रज्ञ त्याला ईएसआर म्हणतात. ईएसआर स्वस्तात कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे आतल्या द्रावणात भरपूर पाणी. अशा काही द्रावणांत अर्ध्याहून जास्त पाणीच असतं. पण पाणी आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं जमत नाही. कंडेन्सरच्या आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर टिकला नाही, की पाणी धातूला खायला लागतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. चांगले कारखाने ही क्रिया रोखणारी द्रव्यं पाण्यात मिसळतात. साधारण १९९९ ते २००७ या काळात बाजारात आलेल्या, मुख्यतः तैवानमध्ये बनलेल्या लाखो कंडेन्सरांमध्ये ती नीट नव्हती.

एका जपानी कारखान्यातला माणूस द्रावणाची कृती घेऊन चीनमध्ये गेला, तिथून ती अर्धवट अवस्थेत तैवानला पोचली, अशी हकिकत २००२-०३ मध्ये उद्योगाच्या नियतकालिकांत छापून आली होती. चोरी झाली असो वा नसो, डबीत जे भरलं गेलं ते घातक होतं. २००५ मध्ये एकट्या डेल कंपनीनं आपल्या ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरांच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. आणि दोष फक्त स्वस्त मालात नव्हता. एका नामांकित जपानी कंपनीच्या दोन मालिकाही त्याच काळात फुगल्या.

आता ड्रायरचं कोडं. द्रावण गार पडलं की रोध वाढतो, गरम झालं की उतरतो. म्हणून मरायला टेकलेला कंडेन्सर उन्हाळ्यात चालतो आणि डिसेंबरच्या सकाळी अडतो. पण गरम हवेनं आतली झीज आणखी वाढते. मालक रोज सकाळी बोर्डाला उठवत होते आणि रोज थोडा थोडा संपवत होते.

(दृश्य: काम करणारे हात. सोल्डरचा धूर.)

आधी फोटो काढायचा. कंडेन्सरवरची पट्टी ऋण टोक दाखवते, पण बोर्डावरची खूण सगळ्या कंपन्या एकसारखी छापत नाहीत. कुठे भरलेलं अर्धवर्तुळ ऋण, कुठे धन. उलटा बसला तर चालू करताच फुटेल.

मग इस्त्री... सोल्डरिंगची, ६० वॅटची. पंचवीस वॅटच्या इस्त्रीवर इथे वेळ घालवू नका. बोर्डाच्या पोटात तांब्याचे थर असतात आणि ऋण टोकाची सगळी उष्णता ते ओढून घेतात. पायावर आधी थोडं नवं सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं द्रव्य) द्यायचं, जुनं त्यानं लवकर वितळतं. एक पाय तापवून डबी किंचित कलती करायची, मग दुसरा पाय, मग पुन्हा पहिला. ती आपोआप सुटते. जोर लावून ओढू नका! भोकाच्या आतून तांब्याचं नाजूक अस्तर असतं. ते उपटलं गेलं तर आतल्या थरांशी जोड तुटतो, आणि तो सांधायला फार जड जातं.

(दृश्य: मीटरचा काटा, शेजारी काढलेले नऊ कंडेन्सर.)

फुगलेले पाच होते, पण मी नऊही काढले. सपाट दिसणाऱ्या चारांपैकी एकाचं खालचं रबर बाहेर ढकललं गेलं होतं. वरून सपाट म्हणजे निरोगी, असं नसतं.

नव्या कंडेन्सरची धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, तीच हवी, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, कमी ईएसआर आणि १०५ अंशांचा. दुकानात “हजार-सोळा द्या” (हजार मायक्रोफॅरड, सोळा व्होल्ट) म्हटलं की साधा माल हातात पडतो. आकडे जुळतात, पण या जागी तो तापून काही महिन्यांत जातो. मालिकेचं नाव सांगूनच मागा. १०५ अंशांना २,००० तास लिहिलेला चांगला कंडेन्सर दर दहा अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो. ६५ अंशांना ३२,००० तास होतात. रोज आठ तास काम असेल तर जवळजवळ अकरा वर्षं.

(दृश्य: गॅलरीत ठेवलेला बोर्ड. पहाट.)

गरम खोलीतली चाचणी इथे कामाची नव्हती. म्हणून बोर्ड मी रात्रभर गॅलरीत ठेवला. पुण्यातली डिसेंबरची रात्र, पहाटे पारा बाराच्या आसपास. सहा वाजता तिथेच वायर जोडली, हात गारठलेले, आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. थांबला नाही. एक बीप.

मी बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा बीप. असं दहा वेळा केलं आणि मगच मालकांना फोन लावला.