खारकिव्हची जमिनीखालची शाळा

सकाळची वेळ, खारकिव्हचं एक मेट्रो स्टेशन. लोक कामाला निघालेत, गाडी येते, गाडी जाते, आणि त्याच स्टेशनात एका दारामागे पहिलीतली मुलं अक्षरं गिरवतायत. वर शहरात सायरन वाजतोय, पण वर्ग थांबत नाही, कारण मुलं आधीच जमिनीखाली आहेत.

खारकिव्ह म्हणजे युक्रेनचं दुसऱ्या नंबरचं शहर, रशियाची बॉर्डर इथून जेमतेम 30-40 किलोमीटर. तिकडून सोडलेलं मिसाईल मिनिटाभरात शहरात पोचतं, म्हणजे कितीतरी वेळा आधी धमाका होतो आणि सायरन मागून वाजतो. पळायला वेळच नाही. म्हणून घराघरात दोन भिंतींचा नियम झालाय, बाहेरच्या हवेत आणि तुमच्यात निदान दोन भिंती पाहिजेत, मग रात्री गाद्या पॅसेजमध्ये पडतात आणि लहान मूल बाथटबमध्ये उशी घालून झोपवतात.

24 फेब्रुवारी 2022. हल्ला सुरू झाला, मेट्रो बंद पडली, आणि लोक गाद्या, मांजरं, म्हातारे आईवडील घेऊन खाली उतरले, काहीजण तर पुढचे दोन-तीन महिने तिथेच राहिले. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी या शहराचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, कारण आपली एमबीबीएसची मुलं तिथे होती, महाराष्ट्रातलीपण, तळघरात बसून घरी व्हॉट्सॲप कॉल लावत होती. 1 मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी तिथे हल्ल्यात गेला. बाकीची मुलं ऑपरेशन गंगामधून, म्हणजे भारत सरकारच्या सुटका मोहिमेतून, परत आली, पण खारकिव्हच्या माणसांचं घर तेच होतं, ती कुठे परत जाणार?

त्याच मार्चच्या शेवटी, 26 तारखेला, शहराचा संगीत महोत्सव एका मेट्रो स्टेशनात सुरू झाला. वर तोफा, आणि खाली पायऱ्यांपाशी व्हायोलिन घेऊन उभे असलेले वादक, समोर ब्लँकेट गुंडाळून बसलेले लोक. हे सांगताना मला अजूनही भरून येतं. कारण त्या लोकांना तेव्हा भाकरी हवी होती, पाणी हवं होतं, औषधं हवी होती, आणि तरी कुणालातरी वाटलं की यांना गाणंसुद्धा हवंय.

मेमध्ये गाड्या परत सुरू झाल्या, तिकीट न घेता. आणि सप्टेंबर 2023 मध्ये पाच स्टेशनांत मिळून 60 वर्ग भरले, हजारावर मुलं. आता जरा हिशोब करा, आधी कोविड, मग युद्ध, म्हणजे यातल्या कितीतरी मुलांनी वर्गमित्र फक्त स्क्रीनवरच पाहिले होते, शेजारच्या बाकावर बसलेलं माणूस ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती. मे 2024 मध्ये तर खास शाळेसाठीच बांधलेली जमिनीखालची इमारत सुरू झाली, दोन पाळ्यांत 900 मुलांची सोय.

मुलाला भीती वाटते की नाही हे बरंचसं आजूबाजूची मोठी माणसं कशी वागतात त्यावर असतं. रोज ठरलेल्या वेळी बस येते, बाई हजेरी घेतात, मधल्या सुट्टीत डबा उघडतो, मग मुलाला कळतं की दिवसाला काहीतरी आकार आहे. मोठ्यांचंही तेच चाललंय, पहाटे मिसाईल पडलं की सकाळी नगरपालिकेची माणसं काचा झाडतात, खिडक्यांना प्लायवूड ठोकतात, आणि त्या प्लायवूडमागे कॉफीचं दुकान उघडतं. आजीबाई सैनिकांसाठी कॅमोफ्लाजच्या जाळ्या विणतात, कुणी टिनच्या डब्यात पुठ्ठा आणि मेण भरून खंदकातल्या सैनिकांसाठी मेणबत्त्या बनवतं. हाताला काम असलं की मन थोडं ताळ्यावर राहतं, हे तिथे कुणाला शिकवावं लागलं नाही.

पण म्हणून ही माणसं दगडाची आहेत असं समजू नका हं. 22 मार्च 2024 ला शहराची वीज केंद्रं फोडली आणि अख्खं खारकिव्ह अंधारात गेलं. झोप नाही, दार आपटलं तरी छातीत धस्स होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने युक्रेनमध्ये 96 लाख लोक मानसिक आजाराच्या छायेत आहेत किंवा आजार झालेलाच आहे. आम्हाला सारखं शूर शूर म्हणू नका, आम्ही दमलोय, असं तिथले लोक उघड बोलतात, आणि ते ऐकून घ्यायला पाहिजे.

हल्ला झाला की त्यांच्या फोनवर पहिला मेसेज जातो, दोनच शब्दांचा, “ती याक?” म्हणजे तू कसा आहेस, तू कशी आहेस. 2023 पासून मानसिक आरोग्याचा सरकारी कार्यक्रमसुद्धा याच नावाने चालतो.

आणि फ्रंटवरच्या माणसाला हे विचारलं की नेटवर्क मिळेल तेव्हा उत्तर येतं. कधी तासाने, कधी दोन दिवसांनी. वाक्य लिहायला वेळ नसतो, तेव्हा तो फक्त अधिकचं चिन्ह टाकतो. घरी आई ते एक चिन्ह बघते, फोन उशाशी ठेवते, आणि मग झोपते.