ऑफिसातली माशांची टाकी कुणाची?

मंडळी, ऑफिसात छंद एकदम येत नाही. आधी खिडकीत मनीप्लांटची बाटली येते, मग निवडुंगाच्या दोन कुंड्या, आणि एखाद्या सोमवारी कोपऱ्यात माशांची टाकी दिसते. आज टाकीबद्दलच बोलतो, कारण बाकीचे बहुतेक छंद शुक्रवारी ड्रॉवरमध्ये ठेवून घरी जाता येतं. मासे मात्र शनिवार-रविवारीही ऑफिसातच असतात. त्यामुळे टाकीला जागा कुठे द्यायची, हे मागाहून ठरवा. ज्याचा छंद आहे तो रजेवर गेला तर कोण बघणार, ते आधी ठरवा, आणि त्या माणसाचं नाव कागदावर लिहून टाकीला चिकटवा.

मनीप्लांटचं दोन वाक्यांत सांगतो. डेंग्यूच्या अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून बाटलीतलं पाणी दर आठवड्याला बदला. नुसतं बदलून भागत नाही, बाटली आतून ब्रशने घासायला हवी, कारण अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात.

आता टाकी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही ऑफिसात सहज मावणारी. ती काठोकाठ ५४ लिटरची होते, दोन इंच रिकामी ठेवली तर ४५. काच आणि खडे धरून वजन ६० किलोच्या आसपास जातं. पार्टिकल बोर्डाचं ऑफिसटेबल हे वजन महिनोन्‌महिने पेलत नाही. ते मध्ये वाकतं, वर पाणी सांडलं की फुगतं, टाकीच्या तळाला एका बाजूने ताण येतो आणि सांधा सुटतो. लोखंडी अँगलचं स्टँड घ्या आणि काचेखाली थर्माकोलचा अर्धा इंच जाडीचा ताव घाला.

वायरिंगकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. हवेचा पंप खाली जमिनीवर ठेवला आणि वीज गेली, तर टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली उतरतं, पंपात आणि तिथून एक्स्टेंशन बोर्डवर. म्हणून पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत एकेरी व्हॉल्व्ह बसवा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाशीच गळून पडेल.

संध्याकाळी शिपाई मेन स्विच पाडून जातो. ते त्याचं कामच आहे, त्याला दोष देऊ नका. पण फिल्टर त्याच लाइनवर असेल तर तो शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत बंद राहतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं पुष्कळ सौम्य. या जिवाणूंना वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन लागतो. अडीच दिवस पाणी थांबलं की ते मरायला लागतात, आणि सोमवारी फिल्टर सुरू होताच सगळी घाण टाकीत येते. फिल्टरला मेन स्विचबाहेरची लाइन ओढून घ्या. ती मिळत नसेल तर त्या ऑफिसात टाकी नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या टाकीत हे जिवाणू वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढ्या काळात दोन-तीनच मासे ठेवा. गोल्डफिश नको, तो मोठा होतो आणि घाण फार करतो. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर गप्पी आणि मोली त्यात चांगले राहतात. इथे इंदुरात नळाला नर्मदेचं पाणी येतं, ते क्लोरीनसह मिळतं. ते उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा अँटिक्लोरीनचे थेंब टाका. आठवड्याला १० लिटर पाणी बदललं की पुरे. बादली वेगळी हवी, फिनाइलच्या पोछ्याची चालणार नाही.

ऑफिसातले मासे उपासमारीने फारसे जात नाहीत, बहुतेक प्रेमाने जातात. येणारा-जाणारा प्रत्येक जण चिमूट टाकतो. इथे सकाळी पोहे येतात, त्यांवर शेव आणि जिरावण मसाला असतो, आणि शेवेचा चुरा कौतुकाने टाकीत पडतो. त्याचं तेल पाण्यावर पातळ थर धरतं, हवा आत जायला अडथळा होतो, खाली राहिलेलं बेसन कुजतं. पाणी वरून स्वच्छच दिसतं. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, कल्ले लाल दिसले, की उशीर होत आलेला असतो. अशा वेळी एक तृतीयांश पाणी बदला, दोन दिवस खाणं बंद ठेवा आणि फिल्टरला हात लावू नका. नेमका इथेच एखादा उत्साही सहकारी सगळं पाणी ओतून देतो, स्पंज नळाखाली खळखळून धुतो, खडे साबणाने घासतो. जिवाणू गेले, म्हणजे टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, दोनदा पिळून.

खाण्यासाठी औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी आणा. सोमवारी पाच खणांत दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट भरा. शनिवार-रविवारचे खण रिकामे, कारण निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस सहज उपाशी राहतो. खण रिकामा दिसला की आजचं खाणं झालं, हे कुणालाही विचारावं लागत नाही. खाण्याची मोठी बाटली कुलपात ठेवा. टाकीसाठी वर्गणीही काढू नका. पैसे दिले की प्रत्येकाला खाऊ घालायचा हक्क वाटतो, आणि ते स्वाभाविकच आहे. खर्च छंदवाल्याने करावा. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला मात्र आधी विचारावं. पंपाची घरघर दिवसभर त्याच्या कानाशी असते. पंपाखाली फोमचा तुकडा ठेवला की ती बरीच कमी होते.

पेस्ट कंट्रोलची तारीख टाकीवाल्याला आधी कळलीच पाहिजे. त्या फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात, माशांना ती अतिशय घातक. हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. फवारणीआधी तो बंद करा, पाण्यातल्या फिल्टरची हवा ओढणारी बारीक नळी बंद करा, टाकी प्लॅस्टिकने झाका. खोली उघडी ठेवून वास पूर्ण गेल्यावरच पंप चालू करा.

बदलीची ऑर्डर आली तर टाकी मागे सोडून जाऊ नका. निघण्याआधी एक दिवस माशांना खाणं देऊ नका. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. स्पंज टाकीच्या पाण्यातच ओला ठेवून न्या. टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय उचलू नका. तळाशी दोन इंच पाणी राहिलं तरी उचलताना ते एका बाजूला धावतं आणि सिलिकॉनचा सांधा फाटतो. नव्या जागी जुनाच स्पंज लावा, पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासे जाळीने सोडा, आणि त्या दिवशी टाकीचा दिवा लावू नका.